शंकरपाळे विकले की अनारसे स्वस्त

दिवाळी अंकासाठी संपादकांचे पत्र दरवर्षी वेळेवर येते. एरवी आठवड्याला या पानावर मला जेवढी जागा मिळते तिच्या तिप्पट जागा दिवाळी अंकात मिळते, आणि पत्राच्या शेवटी एक वाक्य हमखास असते : "मजकूर अडीच हजार शब्दांपलीकडे जाऊ नये." दोन वर्षांपूर्वी तो गेला. फार नाही, सात-आठ ओळी. संपादक सज्जन आहेत; त्यांनी त्या निमूटपणे कापल्या. पण समजा, कापल्या नसत्या तर? माझ्या समोरच्या पानावर एका भगिनींची चकलीच्या भाजणीची कृती होती. माझ्या ओळी तिकडे सांडल्या असत्या, आणि हरभऱ्याच्या डाळीचे प्रमाण जिथे हवे तिथे माझ्या निबंधाचा समारोप आला असता. त्या वर्षी घरोघर चकल्या बिघडल्या असत्या आणि बोल लागला असता त्या भगिनींना. मला कोणीही काही म्हटले नसते.

दुसऱ्याच्या पानात सांडणाऱ्याचे नाव कोठेच येत नाही; ज्याच्या पानात सांडले त्याची अब्रू जाते. हे सूत्र मला तेव्हा सुचले नव्हते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आमच्या गल्लीत जे घडले त्यानंतर ते सुचले. तीच हकीकत आज सांगणार आहे. तिच्यात संगणक आहे, पण वाचकांनी घाबरू नये. मी मराठीचा प्राध्यापक आहे, आणि मला जे समजले ते कोणालाही समजेल असा माझ्या विद्यार्थ्यांचाही अनुभव आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी घरगुती फराळाचे एक दुकान आहे. दुकानाच्या बाईंनी यजमानांच्या पश्चात एका शेगडीवर सुरुवात केली आणि आज चार बायका त्यांच्या हाताखाली आहेत. काउंटरवर एक मुलगी बसते. तीन वर्षांपूर्वी ती माझ्या वर्गात होती. हुशार, पण मितभाषी; परीक्षेतही मोजकेच लिहायची. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून पदवी हातात पडताच तिने ही नोकरी धरली.

आता माझी पुतणी. ती पुण्यातल्याच एका लहानशा कंपनीत प्रोग्राम लिहिते. कंपनी दुकानांसाठी वजनकाट्यांचे प्रोग्राम तयार करते : पदार्थ काट्यावर ठेवायचा, बटण दाबायचे, की नाव, वजन आणि किंमत छापलेली चिठ्ठी बाहेर येते. कंपनीचा नवा काटा नुकताच तयार झाला होता आणि तो मराठीतून चिठ्ठी छापत असे. तो कोठेतरी वापरून पाहायचा होता. पुतणीने आमच्या गल्लीतले दुकान सुचवले आणि बाईंकडे शब्द टाकला तो मी. मराठीतून छापतो म्हटल्यावर माझा ऊर भरून आला होता. दुसरी चौकशी मी केली नाही.

दसरा झाला आणि आठच दिवसांत बाई माझ्या दारात उभ्या. हातात वही.

"सर, रागावू नका, पण पैशाची तूट येतेय. मंगळवारी अकराशेवीस रुपये कमी. माल गेलाय, पैसे नाहीत. काटा तुमच्या पुतणीचा, पण तिला म्हटलं तर ती म्हणते ऑफिसात सगळं नीट चालतंय. मग राहिलं कोण? काउंटरवर ती पोरगी एकटीच असते." पुढचे वाक्य त्यांनी खालच्या आवाजात सांगितले. "तुमची विद्यार्थिनी म्हणून तुमच्या कानावर घातलं. नाहीतर या शनिवारी तिचा हिशेब करणार होते."

मी त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. मुलगी डबे भरीत होती. मी विषय काढताच तिने हातातला डबा खाली ठेवला आणि म्हणाली, "सर, मी पैसे घेतलेले नाहीत. चिठ्ठीवर जे येतं तेच मी मागते. पण एक सांगू? तुम्ही हसाल."

"सांग."

"शंकरपाळे विकले की अनारसे स्वस्त होतात."

मी हसलो. आज ते लिहिताना लाज वाटते, पण हसलो. मांजर आडवे गेले की काम होत नाही, त्यातलाच हा प्रकार, असे मला वाटले. वर मी तिला दोन शब्द सुनावलेही : "अगं, कार्यकारणभाव म्हणून काही असतो की नाही? शंकरपाळ्यांचा आणि अनारशांचा काय संबंध?" ती काही बोलली नाही. परीक्षेत जशी मोजके लिहून पेपर द्यायची, तशीच गप्प राहून तिने पुन्हा डबा उचलला.

ते वाक्य मी घरी कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही.

इकडे पुतणी त्या आठवड्यात आमच्याकडेच राहायला होती, कारण तिच्या घरी रंगकाम चालले होते. रात्री बारा-बारापर्यंत जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी काट्याच्या पोटातली एक हिरवी पट्टी, तारा, आणि सौ.ने आणून दिलेला चहा. चेहरा उतरलेला. विचारले तेव्हा कळले की तिच्याही ऑफिसात एक तंटा चालला होता.

तो तंटा समजून घ्यायचा तर संगणकाच्या मेमरीची कल्पना हवी. मी आजवर मेमरी म्हणजे एखादे गोदाम समजत होतो. पुतणीने ती समजूत मोडून काढली. मेमरी म्हणजे एक लांबच लांब चाळ. एकाच ओळीत लाखो खोल्या, प्रत्येक खोलीला क्रमांक, आणि एका खोलीत मावते ० ते २५५ यांपैकी एकच संख्या. या खोलीला बाइट म्हणतात. प्रोग्रामात कधी नावासाठी, कधी भावासाठी जागा लागते. ती देण्यासाठी एक कारभारी नेमलेला असतो. "मला वीस खोल्या दे," म्हटले की तो सलग वीस खोल्या काढून देतो, वहीत लिहून ठेवतो. काम झाले की खोल्या परत करायच्या. पण दिलेल्या खोल्यांतच भाडेकरू राहतो आहे की शेजारच्या खोलीत त्याने गादी पसरली आहे, हे पाहायला कारभारी येत नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सी नावाची जी संगणकभाषा घडली आणि जिच्यात असे काटे-बिटे आजही लिहिले जातात, तिची रीतच अशी आहे की लिहिणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकायचा.

"म्हणजे बांध कोरणं," मी म्हणालो. आमच्या गावाकडे हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो. नांगरताना दरवर्षी वीतभर बांध खायचा. एका वर्षात कळत नाही. दहा वर्षांत शेजाऱ्याचा आंबा तुमच्या शेतात येतो.

"तेच," ती म्हणाली. "म्हणून चाचणी घेताना आम्ही कारभाऱ्याला एक दगड रोवायला सांगतो."

हा दगड म्हणजे एक ठरीव संख्या. प्रत्येकाला दिलेल्या जागेच्या लगेच पुढे ती लिहून ठेवायची. जागा परत येईल तेव्हा पाहायचे : संख्या जशीच्या तशी असेल तर ठीक, बदललेली असेल तर कोणीतरी हद्द ओलांडली. ऐकताना मला आमच्या कोकणातल्या गधेगाळी आठवल्या. शिलाहारांच्या काळापासून दानात दिलेल्या जमिनीच्या रक्षणासाठी असे दगड उभे करीत. वर चंद्रसूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढवाची ती शिवी. दान मोडील त्याला हा शाप. मराठीच्या प्राचीन लेखांचा अभ्यास करताना या शिव्यांवरून आम्हांला नजर फिरवावी लागते. फरक एवढाच की गधेगाळ आधीच धाक घालते, आणि संगणकातला दगड धाक घालीत नाही. गुन्हा घडून गेल्यावर फक्त साक्ष देतो. कोणी, केव्हा केले हे तो सांगू शकत नाही. मी हललो आहे, एवढेच सांगतो.

पुतणीचा तंटा असा. एकच प्रोग्राम तीन यंत्रांवर तपासला जात होता : तिच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या जुन्या काट्यावर आणि नव्या काट्यावर. तिन्हींचे प्रोसेसर वेगवेगळ्या घराण्यांतले. लॅपटॉपवर दगड जागच्या जागी. जुन्या काट्यावर, जिथे हाच प्रोग्राम कित्येक वर्षे चालत आला होता, तिथेही दगड जागच्या जागी. फक्त नव्या काट्यावर एक दगड हललेला सापडे, आणि तोही एकाच नावाच्या शेजारचा. चाचणीसाठी तिने पदार्थांची यादी केली होती. त्यातल्या लाडू, चकली, करंजी, चिवडा यांच्या शेजारचे दगड ठीक, पुरणपोळीच्या शेजारचा हललेला.

तिच्या वरिष्ठांनी निकाल दिला : "दोन साक्षीदार म्हणतात काही झालं नाही, एकच म्हणतो झालं. तो एकच खोटा. नव्या काट्यावर तो दगडच नीट बसत नसेल. चाचणी बंद करा आणि माल पाठवा. दिवाळी तोंडावर आहे." आणि पुतणीसुद्धा, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, दोन रात्री चोराला सोडून पहारेकऱ्याची उलटतपासणी घेत बसली होती.

तिसऱ्या रात्री सौ.ने चहाबरोबर अनारसे आणून ठेवले. ते त्याच दुकानातले. पुतणीने डबा पुढे ओढला, एक अनारसा उचलला आणि तिची नजर डब्यावरच्या चिठ्ठीवर थबकली.

"काकू, अर्धा किलो अनारसे एकशे अठ्ठावीस रुपयांना?"

"अगं हो," सौ. कौतुकाने म्हणाली. "बाजारात बघ काय भाव आहे! मी म्हटलं, बाईंनी ओळखीखातर कमी लावले असतील."

"म्हणजे किलोला दोनशे छप्पन्न." पुतणीने अनारसा खाली ठेवला. "काका, दोनशे छप्पन्न हा आकडा आमच्या धंद्यात योगायोगानं येत नाही. खरा भाव काय?"

"चारशे ऐंशी," मी म्हणालो, कारण बाईंच्या वहीत तो मी पाहिला होता. आणि मग केवळ गंमत म्हणून, हसत हसत, जोडले : "पण तुझ्या काट्याची तऱ्हाच वेगळी. ती काउंटरवरची मुलगी म्हणते, शंकरपाळे विकले की अनारसे स्वस्त होतात."

पुतणी हसली नाही. "हे तिनं केव्हा सांगितलं?"

"परवा."

"आणि तुम्ही मला आज सांगताय?"

माझ्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात धाकट्या माणसाकडून इतक्या योग्य शब्दांत कानउघाडणी झाल्याचे मला आठवत नाही. ती लगेच कागद-पेन्सिल घेऊन बसली. "काका, तुम्ही मराठीचे. मोजा. पुरणपोळी आणि शंकरपाळे. किती?"

"पाच अक्षरे. दोन्हींत पाचच."

"अक्षरं नकोत. चिन्हं मोजा. काना, मात्रा, अनुस्वार सगळं वेगळं."

मी मोजले. श, अनुस्वार, क, र, प, काना, ळ, मात्रा : आठ. पुरणपोळीचीही आठ. तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली जी मराठीच्या माणसाला ठाऊक असायला हवी होती. आज सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरते. आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. म्हणजे शंकरपाळ्यांना चोवीस खोल्या. आणि शब्द कोठे संपला हे यंत्राला कळावे म्हणून शेवटी एक शून्य लिहावे लागते, त्याची एक. एकूण पंचवीस. प्रोग्राम लिहिताना कोणा एकाने, बहुधा कित्येक वर्षांपूर्वी, नाव मोजून तेवढ्याच खोल्या मागितल्या होत्या. शून्याची खोली मागायची राहून गेली होती. शून्याला किंमत नसते, या आपल्या समजुतीचा हा परिणाम.

मग चकली आणि करंजी का बिघडल्या नाहीत? कारण कारभारी सुट्या खोल्या देत नाही. काट्यावरचा कारभारी आठाच्या पटीत देतो. चकलीने बारा मागितल्या की सोळा मिळतात. शून्य त्या फुकटच्या चारांत आरामात बसते. करंजीच्या पंधरा, तिलाही सोळा मिळतात, एक खोली उरते, शून्याला तेवढीच हवी. शंकरपाळ्यांनी चोवीस मागितल्या; चोवीस ही आठाची पटच, म्हणून नेमक्या चोवीस मिळाल्या आणि शून्याचा पाय शेजाऱ्याच्या उंबऱ्यात पडला. लॅपटॉपचा कारभारी मात्र सोळाच्या पटीत देतो. तिथे चोविसाला बत्तीस मिळत आणि दगड रोवलेला असे तो त्या बत्तिसांच्या पलीकडे. शून्य हद्दीबाहेर जाई, पण दगडापर्यंत पोचत नसे. लॅपटॉप खोटे बोलत नव्हता. त्याचा वाडा ऐसपैस होता, एवढेच.

"ते समजलं," मी म्हणालो. "पण जुना काटा? तोही आठाच्या पटीतच देतो ना?"

तिचे उत्तर ऐकण्यापूर्वी वाचकांनी एक साधा प्रश्न स्वतःला विचारावा. आपण २५ लिहितो तेव्हा आधी दोन लिहितो आणि मग पाच. पण म्हणतो काय? पंचवीस. पाच आधी, वीस मागून. इंग्रज याच्या उलट म्हणतो. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असेही म्हणायला सुचवले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला होता! जुन्या ग्रंथांत शक शब्दांनी सांगत, तेव्हाही एकम् आधी आणि शतक मागून घ्यायचे असते. थोडक्यात, संख्या कोणत्या टोकाकडून सुरू करायची यावर माणसांचे एकमत नाही.

प्रोसेसरांचेही नाही. मोठी संख्या एका खोलीत मावत नाही, म्हणून भावासाठी चार खोल्या लागतात. चारशे ऐंशी म्हणजे दोनशे छप्पन्नचा एक गठ्ठा आणि दोनशे चोवीस सुटे. इंटेलच्या घराण्यातले प्रोसेसर आणि आज बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे एआरएमचे, पहिल्या खोलीत सुटे ठेवतात, गठ्ठे पुढच्या खोल्यांत. मोटोरोलाचे १९७९ साली आलेले ६८००० हे घराणे याच्या उलट : सर्वांत मोठे गठ्ठे आधी, सुटे शेवटी. कंपनीचा जुना काटा या दुसऱ्या पंथाचा, नवा पहिल्या. या पंथांना नावे मिळाली ती १ एप्रिल १९८० रोजी डॅनी कोहेन या संगणकशास्त्रज्ञाने लिहिलेल्या एका टिपणामुळे. स्विफ्टच्या १७२६ सालच्या गलिव्हरच्या गोष्टीत अंडे मोठ्या टोकाने फोडावे की लहान, यावरून दोन राज्ये लढतात. कोहेनने तीच नावे उचलली आणि दोन्ही पक्षांना तह करण्याची विनंती केली. तह आजतागायत झालेला नाही.

आता जुन्या काट्याचे मौन उलगडते. दगड म्हणून निवडलेली संख्या चार खोल्यांची होती. संगणकवाल्यांच्या अंकलिपीत आकड्यांबरोबर इंग्रजी ए ते एफ ही सहा अक्षरेही अंक म्हणून चालतात. त्यांतून कोणा रसिकाने 'कॉफी' हा इंग्रजी शब्द जुळवला होता. त्याने तीन खोल्या भरल्या आणि सर्वांत मोठ्या गठ्ठ्याची चौथी राहिली शून्य. लहान टोकाच्या नव्या काट्यावर दगडाच्या पहिल्या खोलीत कॉफीचे शेवटचे अंक येत. तिथे शून्य पडले की दगड हलला हे कळे. मोठ्या टोकाच्या जुन्या काट्यावर दगडाची पहिलीच खोली शून्याची. शून्यावर शून्य पडले. बांध कोरला गेला होता, पण जेवढी माती गेली तेवढीच मुळात नव्हती!

आणि दुकानात? गिऱ्हाइकाला द्यायच्या काट्यातून हे दगड काढून टाकतात, कारण ते जागा खातात आणि वेळही. म्हणून तिथे शंकरपाळ्यांच्या नावाला लागून थेट अनारशांचा भाव राहत होता. शंकरपाळ्यांचे बटण दाबले की नाव नव्याने लिहिले जाई आणि त्याचे शून्य अनारशांच्या पहिल्या खोलीत पडे. पहिल्या खोलीत होते दोनशे चोवीस सुटे. ते पुसले. राहिला एक गठ्ठा : दोनशे छप्पन्न. जुन्या काट्यात पहिली खोली सर्वांत मोठ्या गठ्ठ्यांची. पदार्थाचा भाव कधी एवढा नसतोच, म्हणून तिथे आधीच शून्य. तोच दोष, तेच शून्य. तिथे कोणाचे काही गेले नाही, म्हणून वर्षानुवर्षे कोणाला कळले नाही.

पुतणीने बाईंच्या तुटीचा आकडा विचारला. अकराशेवीस. तिने भागाकार केला. भागिले दोनशे चोवीस, बरोबर पाच. मंगळवारी पाच किलो अनारसे स्वस्तात गेले होते. एका रुपयाचाही फरक नव्हता. स्वस्त मिळाले म्हणून परत येऊन सांगणारे गिऱ्हाईक अजून जन्माला यायचे आहे; आमच्या घरातले तरी आले नव्हते.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. आम्ही दोघे तसेच दुकानात गेलो. शटर अर्धे उतरले होते. बाई गल्ला मोजत होत्या, मुलगी फडके मारीत होती. पुतणीने काट्यावर अनारशांचा भाव चारशे ऐंशी भरला, चिठ्ठी काढली : बरोबर. मग मुलीकडे वळून म्हणाली, "आता तूच कर. तुला माहीत आहे काय करायचं."

मुलीने शंकरपाळ्यांचे बटण दाबले. चिठ्ठी आली. मग अनारशांचे. ती चिठ्ठी तिने फाडून बाईंच्या हातात दिली. दोनशे छप्पन्न.

दुकानात कोणी काही बोलले नाही. बाईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून एवढेच म्हणाल्या, "पोरी, तू तीनदा सांगितलंस गं." मी माझ्या परीने क्षमा मागितली. विद्यार्थ्याची क्षमा मागण्याचा सराव आम्हां प्राध्यापकांना नसतो; शब्द सापडेनात. ती म्हणाली, "असू दे सर. मलाही कारण सांगता येत नव्हतं. फक्त दिसत होतं."

तिचे हे वाक्य मी तेव्हापासून मनात घोळवीत आहे. ज्याला दिसते त्याच्याकडे आपण आधी कारण मागतो. कारण नसेल तर दिसणेच खोटे ठरवतो. कार्यकारणभाव तिला शिकवायला निघालो होतो तो मी, आणि कार्य डोळ्यांसमोर होते ते तिच्या.

दुरुस्ती सोपी होती. पण पुरती सोपीही नव्हती. नाव मोजताना शून्याची खोली धरली, हे मुख्य. पण पुतणी म्हणाली की पहारेकऱ्यालाही सुधारायला हवे, नाहीतर उद्या दुसरा कोणी सुटेल. तिने दगड मागितलेल्या जागेला अगदी चिकटून रोवला, म्हणजे ऐसपैस वाड्यातही फट राहणार नाही. आणि लगेच जुना काटा करंजीपाशी मुळापासून बंद पडला! कारण करंजीच्या खोल्या पंधरा, म्हणजे दगडाची जागा विषम क्रमांकावर आली; आणि ६८००० ची सक्त अट अशी की अनेक खोल्यांची संख्या एकदम ठेवायची किंवा उचलायची तर ती सम क्रमांकाच्या खोलीपासूनच. इंटेलच्या घराण्याला असला विटाळ नाही. शेवटी तिने दगड सबंध न उचलता एकेक खोली करून लिहिला आणि एकेक खोली करून तपासला. आणि संख्या अशी निवडली की कोणत्याही टोकाकडून पाहा, तिच्यात शून्य नाही. कॉफी रद्द झाली. मग तिन्ही यंत्रांवर तिने मुद्दाम जुना दोष पुन्हा घालून पाहिला. या वेळी तिघांनीही ओरड केली. तेव्हा कुठे ती झोपली.

"वरिष्ठांचे म्हणणे ऐकले असते तर?" मी दुसऱ्या दिवशी विचारले. ती म्हणाली, अशा सांडण्याने काय होते याची जगाला ओळख झाली ती २ नोव्हेंबर १९८८ रोजी. अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम जाळ्यातल्या यंत्रांत शिरत सुटला; शिरण्याचा त्याचा एक मार्ग म्हणजे नेमून दिलेल्या ५१२ खोल्यांच्या पलीकडे मजकूर सांडणे. व्हॅक्स जातीच्या यंत्रांत तो त्या वाटेने आत गेला. सन जातीच्या यंत्रांवर तोच मजकूर गेला तेव्हा ते काम नुसते कोलमडून बंद पडले. "म्हणजे काका, जे कोलमडलं ते वाचलं. जे शांतपणे चालत राहिलं, त्यात चोर शिरला होता."

वरिष्ठांनी तिचे अभिनंदन केले आणि जुन्या काट्यांसाठीही दुरुस्ती पाठवली. मुलगी दुकानातच आहे. दिवाळीनंतर बाईंनी तिचा पगार वाढवला आणि काट्याचा सगळा कारभार तिच्याकडे दिला. आमच्या अर्ध्या किलोचे राहिलेले एकशे बारा रुपये मी स्वतः नेऊन दिले. बाई घेईनात, मुलीने घेतले आणि पावती दिली. मला ते फार आवडले.

हे सगळे मी घरी रंगवून सांगत होतो. दोष तिन्ही यंत्रांत सारखाच होता, पण बोलले एकच, म्हणून सगळे त्याच्यावरच उलटले. जे बोलते तेच बिघडले आहे असे समजण्याची आपली खोड किती जुनी आहे, वगैरे. माझे व्याख्यान भरात आले होते. सौ. अनारशांचे तांदूळ भिजत घालीत होती. विकतच्या स्वस्त अनारशांवरून तिचा विश्वास उडाला होता. ती मान वर न करता म्हणाली :

"या घरात चार माणसं आहेत. न्हाणीघराचा नळ गळतोय हे सांगणारी मी एकटी. गच्चीची भिंत ओली आहे म्हणणारी मी एकटी. आणि तुम्ही तिघं म्हणता, हिचीच कटकट फार."

मी गच्चीवर जाऊन पाहिले. भिंत ओली होती. शेजाऱ्यांच्या बाजूने हात लावून पाहिला. तिकडेही ओलच होती. पण त्यांच्याकडे कोणी बोलत नाही.

अडीच हजार शब्द भरत आले आहेत. समोरच्या पानावर यंदा कोणाची कृती आहे हे मला ठाऊक नाही. पण ती बिघडू नये म्हणून, शेवटच्या शून्याची जागा धरून, येथेच थांबतो.